बीआरटी रोडवर झाडं लावायची तर नेमकी कुठे? (सांगवी फाटा ते मुकाई चौक)

मुकाईचौककर
मंडळी, जरा मदत हवीय. आमच्या बाजूच्या काही सोसायट्या मिळून पिंपरी-चिंचवडमधल्या सांगवी फाटा ते मुकाई चौक (किवळे) या बीआरटी रोडच्या, म्हणजे मधोमध बससाठी राखीव लेन असलेल्या रस्त्याच्या, झाडाझुडपांबद्दल आणि फुटपाथबद्दल एक सूचनापत्र तयार करतोय. रस्ता तुम्हाला माहितीच आहे, ४५ मीटर रुंद, २०१५ ला इथे रेनबो बीआरटी सुरू झाली, स्टेशनं मधोमध आणि बसला उजवीकडून दार. पहिल्याच मीटिंगला सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र होतं, डिव्हायडरमध्ये फुलझाडं, चौकात कारंजं, सेल्फीसाठी मोठ्या अक्षरांचा बोर्ड आणि रात्री रंगीत लाईट. मी बसने जाणारा माणूस, मला विचाराल तर डिव्हायडर म्हणजे दिवाणखान्यातलं शोकेस, येणाऱ्याजाणाऱ्याने गाडीतून बघायचं. एप्रिलच्या दुपारी दोन वाजता जो सोसायटीच्या गेटपासून स्टेशनपर्यंत चालतो त्याच्या डोक्यावर काय? तर माझं म्हणणं एवढंच की पैसा आणि पाणी आधी फुटपाथवरच्या सावलीला द्या, मग स्टेशनसमोरच्या क्रॉसिंगला, उरलंच तर डिव्हायडरला. हे लोकांना पटेल असं मांडायचंय. कुठली झाडं, कुठे, काय टाळायचं, जे माहीत असेल ते लिहा. बीआरटी हवी की नको यावर कृपया वेगळा धागा काढा.

बुलेटराजा
वेगळा धागा कशाला, इथेच सांगतो, नको. दोन अख्ख्या लेन अडवून ठेवल्यात. दिल्लीने २०१६ ला काढली, भोपाळने काढली, आपल्याच पुण्यातल्या नगर रोडची २०२३ पासून काढायला घेतली. उद्या इथली पण काढतील मग तुमच्या झाडांचं काय?

मुकाईचौककर
पहिल्याच प्रतिसादात विषय फिरवल्याबद्दल अभिनंदन 😀 पण प्रश्न चांगला विचारलात. उद्या समजा बीआरटी गेली तर कशाला हात लागणार? मधल्या भागाला. स्टेशनं, रेलिंग, डिव्हायडर. फुटपाथच्या कडेला वाढलेला कडुनिंब तिथेच राहणार, आणि त्याखालून बसवाला गेला काय नि दुसरा कोणी गेला काय. म्हणजे तुमची भीती खरी धरली तरी झाडं कडेलाच लावायला हवीत.

बुलेटराजा
बरं, या मुद्द्यावर गप्प बसतो. बाकी मत बदललेलं नाही.

बागवाली
छान धागा. झाडांबद्दल मी लिहिते, हॉर्टिकल्चर शिकलेय आणि बरीच वर्षं सोसायट्यांच्या बागांची कामं घेते. पहिली गोष्ट म्हणजे फोटोवरून झाड निवडू नका. हल्ली जो तो बहावा मागतो. बहावा सुंदरच आहे, पण तो फुलतो तेव्हा त्याच्यावर पानं जेमतेम असतात, एप्रिल-मेमध्ये म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा खाली पिवळा सडा आणि डोक्यावर ऊन. बसस्टॉपच्या वाटेवर मला करंज हवा. करंजाची पानगळ थोडे दिवसच असते आणि उन्हाळ्यात तो नव्या पानांनी गच्च भरतो, शिवाय काटक, पाणी कमी मिळालं तरी धरतो. कडुनिंबाला पाडव्याच्या सुमारास नवी पालवी येते, तोही चालेल. पुत्रंजीवा आणि बकुळ सदाहरित, गोल डेरेदार, पण दोन्ही फार सावकाश वाढतात, बकुळ लावून दोनचार वर्षांत सावली मागू नका. ताम्हण फुलासाठी मध्ये मध्ये लावा, आपलं राज्यपुष्प आहे, एप्रिल-मेमध्ये जांभळं होतं, पण ते काही छत्री नव्हे.

नको असलेल्यांत पहिला कोनोकार्पस. पटकन हिरवी भिंत होते म्हणून ठेकेदारांचा लाडका, गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. गुलमोहर आणि पीतमोहर पावसाळी वाऱ्यात फांद्या टाकतात, रहदारीच्या रस्त्यावर नकोच. सप्तपर्णी ऑक्टोबरमध्ये फुलली की निम्मी सोसायटी खोकते निम्मी वास घेत बसते, ओळीने लावू नका, एखादी चालेल. आणि जांभूळ, उंबर लावा नक्की, पक्ष्यांसाठी लावाच, पण स्टेशनच्या तोंडाशी नको, जूनमध्ये पिकलेल्या जांभळांवरून लोक घसरतात.

नाना_औंधवाले
बागवाली ताई, वड पिंपळ कुठे गेले तुमच्या यादीतून? आमच्या लहानपणी रस्ता म्हटलं की दोन्ही बाजूंनी वडच. रक्षक चौकाच्या बाजूला मिलिटरीच्या हद्दीत अजून जुनी झाडं दिसतात बघा, तिथे बसमध्ये सुद्धा गार वाटतं.

बागवाली
नाना, वडाला मी कशी नाही म्हणेन! पण वडाला जागा लागते, मुळांना आणि पारंब्यांना दोन्हीला. जिथे फुटपाथच्या मागे मोकळी जमीन आहे, मिलिटरीची हद्द किंवा नाल्याची कड, तिथे जरूर. अडीच मीटरच्या फुटपाथवर वड लावणं म्हणजे पंधरा वर्षांनी त्याच्यावर करवत चालवायची तयारी आजच करणं. आणि जुनी झाडं आहेत ती आधी मोजा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या झाडांच्या कायद्यात पन्नास वर्षांपुढचं झाड हेरिटेज धरलं जातं, आणि झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. मुकाईचौककर, हे पत्रात घाला.

साईटवरचा_माणूस
सिव्हिलवाला आहे, रस्त्याची कामं केलीत त्यामुळे थोडं कडू बोलतो. झाड कुठलं यावर दोनशे प्रतिसाद येतील, पण झाड मरतं ते खड्ड्यामुळे. कागदावर एक मीटर बाय एक मीटर बाय एक मीटर असतो, साईटवर पहार दोन फुटांवर मुरमाला लागते आणि मजूर थांबतो. खाली रोलर फिरवून दाबलेला भराव, वर बांधकामाचा राडारोडा, त्यात पिशवीतलं झाड पिशवीसकट ठेवलेलं मी बघितलंय. वर लगेच पेव्हर ब्लॉक, खोडाला चिकटवून. पाणी जाणार कुठून?

आणि तारीख. वर्क ऑर्डर मार्च एंडच्या धामधुमीत निघते, निधी संपवायचा असतो, मग मार्चमध्ये झाडं लागतात आणि मे मध्ये जळतात, जूनमध्ये त्याच खड्ड्यात परत नवीन झाडं, परत बिल. पत्रात एवढंच लिहा की खड्डे उन्हाळ्यात काढून तापू द्या, माती शेणखत भरून ठेवा, आणि झाड पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर लावा. आणि ठेकेदाराला पैसे लावलेल्या झाडाचे नाही, तीन वर्षांनी जिवंत असलेल्या झाडाचे. रस्त्याला दोषदायित्व कालावधी असतो, म्हणजे ठरलेल्या मुदतीत बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं, तसा झाडाला का नको?

चक्रधर
मी बस चालवायचो, आता रिटायर आहे. झाडांचं मला कळत नाही पण ड्रायव्हरच्या सीटवरून काय दिसतं ते सांगतो. बीआरटी लेनमध्ये दोन्ही बाजूला रेलिंग, माणूस अचानक आला तर बस वळवायला जागाच नाही, फक्त ब्रेक. आणि डिव्हायडरमधली झुडपं कमरेच्या वर गेली की क्रॉसिंगच्या तोंडाशी उभा असलेला माणूस दिसत नाही, लहान पोरगं तर अजिबातच नाही, एकदम पानातून बाहेर येतं. हिरवळ करा पण क्रॉसिंगच्या अलीकडे पलीकडे चांगलं वीसेक पावलं काहीही गुडघ्याच्या वर नको. दुसरं म्हणजे पाण्याचा टँकर. सकाळी नेमक्या गर्दीच्या टायमाला टँकर बीआरटी लेनमध्ये उभा, माणूस पाईप घेऊन निवांत, मागे चार बसेस हॉर्न मारतायत. पाणी रात्री घालायला लावा.

मुकाईचौककर
चक्रधर काका, हे सोन्यासारखं आहे, आमच्या मीटिंगमध्ये कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

बुलेटराजा
पण मधली झुडपं काढली तर रात्री समोरच्या गाडीचा हेडलाईट डोळ्यात येतो त्याचं काय? हायवेला कण्हेर आणि बोगनवेल उगीच लावत नाहीत.

साईटवरचा_माणूस
हायवेचा मुद्दा बरोबर, पण इथे समोरासमोरच्या गाड्यांमध्ये दोन बस लेन आहेत, अंतर पडतं. तरी जिथे स्टेशन नाही क्रॉसिंग नाही अशा लांब पट्ट्यात बोगनवेल राहू द्या, तिला पाणीही फार लागत नाही. कोणी काढा म्हणत नाहीये हो, आधी पैसा कुठे लावायचा एवढाच प्रश्न आहे.

पांढरीकाठी
दृष्टी अगदी कमी आहे, स्क्रीन रीडरवर हा धागा वाचतेय. माझ्याकडून दोन गोष्टी. पिवळ्या उठावाच्या टाईल्स. त्या काठीने वाट दाखवायला असतात, पण बऱ्याच फुटपाथवर त्या सरळ झाडाच्या आळ्यात नाहीतर विजेच्या डीपी बॉक्समध्ये जाऊन संपतात, कारण टाईल्सवाला वेगळा आणि झाडवाला वेगळा, कोणी एकमेकांचं ड्रॉइंग बघत नाही. दुसरं, काठीला जमिनीवरचं कळतं, डोक्याजवळची लोंबणारी फांदी कळत नाही. झाड लहान असताना तुम्हाला ती फांदी गोड दिसते, माझ्या कपाळाला लागते. किती उंचीपर्यंत फांद्या छाटायच्या हे कुठे लिहिलेलं असतं का?

साईटवरचा_माणूस
असतं. इंडियन रोड काँग्रेसचं पादचाऱ्यांसाठीचं कोड आहे, आयआरसी १०३, त्यात चालायला कमीत कमी १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच अशी पूर्ण मोकळी जागा सांगितलीय. मोकळी म्हणजे त्यात झाड नको, खांब नको, बाकडं नको, पाटी नको. कर्बची, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या दगडाची, उंची पण १५० मिलिमीटरच्या वर नको, आपल्याकडे काही फुटपाथवर चढायला गुडघा वर घ्यावा लागतो. म्हणजे फुटपाथचे सरळ पट्टे पाडायचे, रस्त्याच्या कडेला झाडं, दिवे, बाकं, डीपी सगळं एका ओळीत, त्याच्या आत १.८ मीटर चालायला, त्याच्या आत दुकानासमोरची थोडी जागा. पुण्यात जेएम (जंगली महाराज) रोडवर आणि औंधच्या डीपी रोडवर साधारण असंच केलंय, जाऊन बघा.

पांढरीकाठी
धन्यवाद. १.८ आणि २.२ दोन्ही आकडे पत्रात टाका प्लीज, आकडा असला की टाळता येत नाही.

कुणी_एक_वाचक
जेएम रोड आणि बीआरटी रोड एक कसे? तिथे लोक फिरायला येतात, इथे निम्म्या ठिकाणी फुटपाथला लागून नुसती कंपाऊंड वॉल आहे. तिथे बाकडी टाकून कोण बसणार.

मुकाईचौककर
बरोबर आहे आणि म्हणूनच सगळीकडे सारखं करू नका असं म्हणायचंय. जगताप डेअरी, काळेवाडी फाटा, डांगे चौक इथे माणसांची गर्दी, तिथे बाकं, पाणी, फेरीवाल्यांची जागा लागते. मधल्या लांब भिंतींच्या पट्ट्यात फक्त सावली आणि उजेड द्या, बाकीचं काही नको.

रात्रपाळी
उजेडाचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझी शिफ्ट रात्री संपते, स्टेशनवरून उतरून घरी चालत जाते. झाडं मोठी झाली की रस्त्याचे दिवे फांद्यांच्या वर जातात आणि खाली फुटपाथवर पूर्ण काळोख, रस्ता मात्र लख्ख. फुटपाथसाठी वेगळे बुटके दिवे हवेत, झाडाच्या डेऱ्याच्या खाली बसणारे. आणि दाट कुंपणासारखी झुडपं भिंतीला लागून लावू नका, कोणी मागे उभं राहिलं तरी कळत नाही. खरं सांगू का, मला सगळ्यात सेफ कधी वाटतं, कोपऱ्यावर भुर्जीची गाडी चालू असते तेव्हा. सुशोभीकरण म्हटलं की पहिल्यांदा तिला हाकलतात.

नाना_औंधवाले
पण टपऱ्या आल्या की फुटपाथ संपला हेही खरंय ना. सावली दिसली की खाली रिक्षा स्टँड, मग टपरी, मग तिच्या खुर्च्या, मग बाईक. झाड लावायचं चालणाऱ्याला आणि बसायचं दुसऱ्याने.

रात्रपाळी
नाना म्हणून तर जागा आधीच आखून द्या म्हणतेय. २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा आहेच, शहर फेरीवाला समिती असते, स्टेशनच्या क्रॉसिंगपासून जरा बाजूला झाडांच्या पट्ट्यातच ओटे द्या. जागा आखली नाही तर ते येणारच आहेत, फक्त मग चालायच्या १.८ मध्ये येतील.

बुलेटराजा
+१, भुर्जीच्या बाजूने माझं मत 😀

अ‍ॅडलेडकर
मूळचा चिंचवडचा, सध्या ऑस्ट्रेलियात. इथे अ‍ॅडलेडला ओ-बान म्हणून बसचा खास मार्ग आहे, १९८६ पासून, सिटीपासून ईशान्येच्या उपनगरांकडे १२ किलोमीटर, बस काँक्रीटच्या रुळासारख्या पट्ट्यातून धावते. बराच भाग टॉरेन्स नदीच्या काठाने जातो. तेव्हा नदीकाठाची अवस्था वाईट होती, तर बसमार्ग बांधतानाच काठाने झाडं लावून सलग पार्क केला, चालायला आणि सायकलला वाट. मला त्यातलं घेण्यासारखं एवढंच वाटतं की बसमार्ग आणि झाडं एकाच कामात धरली. आधी रस्ता आणि मग उरलेल्या मातीत झाडं असं नाही केलं. बाकी तुलना करू नका, तिथे तीनच स्टेशनं आहेत आणि दोन्ही बाजूला आपल्यासारखी वस्ती नाही.

कुणी_एक_वाचक
आता हा रस्ता तर होऊन बसलाय, आता एकाच कामात कसं धरणार?

साईटवरचा_माणूस
रस्ता झालाय पण खणणं कुठे संपलंय? केबल, फायबर, पाण्याची लाईन, दर वर्षी कोणीतरी खणतंच. जेव्हा फुटपाथ खणला जाईल तेव्हा परत तसाच बुजवायचा नाही, नवीन पट्ट्यांप्रमाणे करायचा, अशी अट घाला. केबलसाठी एकदाच डक्ट (केबल ओवायची नळी) टाका चालायच्या पट्ट्याखाली, झाडांच्या ओळीखाली नाही. नाहीतर फायबरवाला येऊन पाच वर्षांच्या झाडाची एका बाजूची मुळं कापून जातो, वरून झाड हिरवंच दिसतं, आणि दोन पावसाळ्यांनी आडवं. मग लोक म्हणतात झाड वाईट होतं.

अजून एक, पावसाच्या पाण्याचं. आपल्याकडे झाडाचा वाफा नेहमी फुटपाथपेक्षा उंच बांधतात, वर रंगवलेला कट्टा. पाऊस पडला की वाफ्यातली माती वाहून रस्त्यावर, चेंबरमध्ये गाळ, आणि रस्त्यावर तळं. उलट करा. वाफा फुटपाथपेक्षा थोडा खाली ठेवा, कर्बला खाच ठेवा, फुटपाथचं पाणी वाफ्यात जाऊ दे. पावसाळ्यात सगळ्या रस्त्याचं पाणी त्यात मुरेल असं नाही, पण गटारावरचा भार थोडा तरी कमी होतो आणि झाडाला फुकट पाणी. फक्त वाफ्याच्या कडेला बारीक उठाव ठेवा म्हणजे काठी घेऊन चालणाऱ्याचा पाय आत जाणार नाही.

पांढरीकाठी
ही शेवटची ओळ लिहिल्याबद्दल खास धन्यवाद.

बागवाली
खाली ठेवलेल्या वाफ्यात अर्जुन किंवा करंज घ्या, पाण्यात उभे राहतात, कडुनिंबाला तुंबलेलं पाणी चालत नाही. उन्हाळ्याच्या पाण्याला मैलाशुद्धीकरण केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी मागा, पिण्याचं नको.

आणि दिशेचा विचार कोणी केला का? सांगवीकडून किवळ्याकडे रस्ता साधारण वायव्येला जातो. म्हणजे किवळ्याकडे तोंड केलं तर दुपारचं ऊन डावीकडून येतं. डाव्या फुटपाथला इमारतींची थोडी तरी सावली मिळेल, उजवा फुटपाथ मात्र दुपारभर भाजत असणार. पैसे अर्धेच मिळाले तर उजव्या बाजूपासून सुरुवात करा, आणि झाडं फुटपाथच्या रस्त्याकडच्या कडेला, भिंतीकडे नाही, तरच सावली चालणाऱ्यावर पडेल.

मुकाईचौककर
हे भारी आहे!! दोन्ही बाजूंना सारखी झाडं असंच धरून चाललो होतो आम्ही. आता सांगा, रस्ता ओलांडून स्टेशनवर जायचं तिथे काय करायचं, त्या अंतरात झाड लावताच येत नाही आणि सिग्नलला सगळ्यात जास्त वेळ उन्हात तिथेच जातो.

चक्रधर
सिग्नलचा टाईम कमी करा, हीच सावली समजा. माणूस मिनिट दोन मिनिटं थांबतो आणि मग कंटाळून मधूनच पळतो.

साईटवरचा_माणूस
काका बरोबर. आणि फुटपाथवर जिथे लोक सिग्नलची वाट बघत उभे राहतात तिथे छोटं छत द्या, झाड दिलं तर सिग्नलचा दिवा झाकला जातो. क्रॉसिंग फुटपाथच्या पातळीला उचलून घेतलं तर गाड्या आपोआप हळू होतात आणि व्हीलचेअरला चढउतार राहत नाही. बीआरटी लेनमध्ये मात्र उंचवटा सौम्य ठेवायचा, बसमधले उभे लोक पडतील.

बुलेटराजा
आमच्या कंबरेचा पण विचार करा. असो. ट्री गार्डवर नेत्यांची नावं नको हे टाका पत्रात, आणि झाड मोठं झालं की गार्ड काढायचा, नाहीतर लोखंड खोडात रुततं. आमच्या गल्लीत आहे असं एक.

मुकाईचौककर
बीआरटीविरोधकाकडून झाडांची काळजी, स्क्रीनशॉट काढून ठेवतोय 😀 टाकतो नक्की.

आत्तापर्यंतचं पत्रात असं घेतोय: सावली आधी फुटपाथला आणि त्यातही उजव्या बाजूला, १.८ आणि २.२, क्रॉसिंगजवळ गुडघ्याच्या वर काही नाही, वाफे खाली, बुटके दिवे, लागवड पावसात, पैसे जिवंत झाडाचे, पाणी रात्री, फेरीवाल्यांना आखलेली जागा. कारंजं काढलं. सेल्फी बोर्डवर मीटिंगमध्ये भांडण होणार आहे, त्याची तयारी ठेवलीय. आता फुटपाथची रुंदी प्रत्यक्ष मोजायचीय, नाहीतर १.८ नुसतंच हवेत. येत्या रविवारी सकाळी सातला डांगे चौकात भेटू, टेप माझ्याकडे आहे, कोण कोण येतंय?

बागवाली
येते, पण सकाळी सातला काय बघणार? दुपारी तीनला ठेवा. सावली कुठे पडते ते पण टिपून घेऊ.

नाना_औंधवाले
तीनला उन्हात मला जमणार नाही ताई.

बागवाली
नाना तुम्ही रक्षक चौकातली जुनी झाडं मोजा, सकाळी, सावकाश. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा, दोरी न्या आणि घरी येऊन टेपवर मोजा.

चक्रधर
मी तीनला येतो. टेप शंभर फुटी आणा, छोटी पुरत नाही.